इंटरव्ह्यूला २० दिवस झाले, "कळवतो" म्हणाले आणि गप्प. आता गुरुवारी चाकणला दुसरा आहे, काय करू?

केळीबाग_यावल

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी यावल तालुक्यातला. जळगावला मेकॅनिकल डिप्लोमा केला, २०२३ ला पास आउट. त्यानंतर दीड वर्ष घरीच होतो कारण वडील मोटारसायकलवरून पडले, पायात रॉड टाकावा लागला आणि केळीचं सगळं माझ्यावर आलं. ते जरा चालायला लागले तेव्हा जळगाव एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपला लागलो, तिथे आठ महिने लेथवर हेल्पर, मोजमाप, डिलिव्हरी चलन, चहा आणणं, सगळंच.

मागच्या महिन्यात जळगावच्याच एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टरसाठी इंटरव्ह्यू झाला. तीन जण समोर. पहिलाच प्रश्न टेल मी अबाउट युवरसेल्फ, मी यूट्यूबवरून इंग्रजीत पाठ करून गेलेलो, तिसऱ्या वाक्याला गाडी बंद. मग त्यांनीच मराठीत विचारलं गॅप का, मी म्हटलं घरगुती अडचण. नोकरी का पाहिजे, म्हटलं घरची परिस्थिती. मग दोन मिनिटं व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) वगैरेचं विचारलं ते बरं गेलं. शेवटी "दोन-चार दिवसात कळवतो". आज २० दिवस झाले. दोनदा फोन केला, एकदा मीटिंगमध्ये आहे म्हणाले, एकदा उचललाच नाही. व्हॉट्सॅपवर "सर काही अपडेट" टाकलं, दोन निळ्या रेघा आल्या आणि बस.

आता येत्या गुरुवारी चाकणला एका मोठ्या कंपनीत आहे, पोस्ट तीच, सकाळी १० वाजता. माझे प्रश्न असे की जळगाववाल्यांना परत फोन करू की सोडून देऊ, गॅपचं काय सांगू, पगार विचारला तर किती सांगू, आणि अजून एक, हसू नका पण माझं बोलताना ळ चं य होतं. मित्राच्या रूमवर पुण्यात एकदा सहज "केयी" म्हणून गेलो तर चार दिवस तेच चालू होतं. इंटरव्ह्यूत तोंड उघडायचीच भीती वाटते मग.

चाकणचा_पारोळेकर

भाऊ आधी ते य आणि ळ बाजूला ठेव, त्याच्यावर कोणीतरी नंतर बोलेलच. मी पारोळ्याचा, चाकणला क्वालिटीत नऊ वर्षं झाली आणि गेली तीनेक वर्षं मी स्वतः समोरच्या खुर्चीत बसतो, म्हणून जे बघतो ते सांगतो.

तुझ्या पोस्टमधे तू सगळ्यात महत्त्वाची गोष्ट एका ओळीत उडवून टाकली. "केळीचं सगळं माझ्यावर आलं". म्हणजे काय केलं? घड कापायला मजूर तू लावले का, व्यापाऱ्याशी भाव तू केला का, माल एक्सपोर्टला जात होता का लोकलला, रिजेक्शन किती निघायचं आणि ते कोण ठरवायचं? हे मला इथे लिही. कारण "घरगुती अडचण" हे उत्तर दिलं की समोरच्याच्या डोक्यात भलभलतं येतं, केस आहे का, व्यसन आहे का, कुठून काढून टाकलं का. दोन शब्दात दार बंद केलं ना की माणूस फटीतून बघायला लागतो. सरळ सांग, वडिलांचा अपघात झाला, दीड वर्ष शेती मी बघितली, आता ते बरे आहेत. यात लाजण्यासारखं काय आहे.

आता टेक्निकल. क्वालिटी इन्स्पेक्टरला विचारतात ते फार नसतं पण खोलात जातात. व्हर्निअरचा लीस्ट काउंट (त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी, मायक्रोमीटरचा ०.०१, हे सगळेच पाठ करून येतात. मी काय करतो, हातात व्हर्निअर देतो आणि बघतो की पोरगा आधी जबडे बंद करून झिरो बघतो का नाही. दहातले आठ बघत नाहीत, डायरेक्ट पार्ट पकडतात. दुसरं, गो नो-गो गेज, म्हणजे माप लिमिटमधे आहे का ते पार्टला लावून बघायचं साधन. होल चेक करायला प्लग गेज, त्याचा गो आत गेला पाहिजे आणि नो-गो जायला नको, आणि गो वाली बाजू होलच्या खालच्या लिमिटची असते. हे उलटं सांगतात बरेच जण, शाफ्टच्या गेजशी गल्लत होते.

आणि एक प्रश्न मी हमखास विचारतो, दुसरेही विचारतात. ड्रॉइंगवर २५ अधिक-वजा ०.०५ आहे, तुझं रीडिंग २५.०६ आलं, काय करशील? पोरं म्हणतात रिजेक्ट. चूक नाही, पण ते पहिलं पाऊल नाही. आधी इन्स्ट्रुमेंटचा झिरो बघ, पार्ट पुस, परत माप, जमलं तर दुसऱ्या इन्स्ट्रुमेंटने माप. तरी तेच आलं तर पार्टला टॅग लाव, लाल बिनमधे टाक, सुपरवायझरला सांग, आणि मग, इथे खरा माणूस कळतो, मागे जा. शेवटचा ओके पार्ट कधी चेक झाला होता, तिथपासून आत्तापर्यंतचा सगळा माल होल्डवर. कारण एक पार्ट खराब नसतो, मशीन कधीपासून खराब पार्ट देतंय हा प्रश्न असतो. हे जो आपणहून बोलतो त्याला मी पुढचं फार विचारत नाही.

सेव्हन क्यूसी टूल्स, म्हणजे क्वालिटीची सात साधनं, पाठ करू नको. पॅरेटो (सगळ्यात जास्त कोणता दोष ते) आणि फिशबोन (तो कशाकशामुळे होतो ते) दोनच नीट समजून घे, वर्कशॉपमधलं एक उदाहरण घेऊन. बाकीच्यांची नावं माहीत असली तरी चालतं.

भुसावळ_जंक्शन

अरे पोरा, आमच्या वेळी इंटरव्ह्यूचा कॉल रजिस्टर पोस्टाने यायचा, पोस्टमनला पेढे द्यायचे. आता व्हॉट्सॅपवर निळ्या रेघा मोजत बसता. मी रेल्वेतून रिटायर झालेला माणूस आहे, माझा साधा सल्ला आहे, जळगाव काही लांब नाही, उद्या सकाळी स्वच्छ कपडे घालून कंपनीच्या गेटवर जा, एचआरला भेट आणि विचार. माणसाला माणूस भेटला की काम होतं. फोनवर नाही म्हणणं सोपं असतं, तोंडावर अवघड.

आणि सरकारीचं पण बघत राहा. रेल्वेत तुझ्या लायनीत ज्या जागा निघतात त्यात आता मुलाखतच नसते, केंद्राने २०१६ पासून गट क आणि गट ब अराजपत्रितच्या मुलाखती बंद केल्या. परीक्षा, कागदपत्रं, मेडिकल, संपलं. ळ चा य झाला तरी चालतो तिथे, हा हा.

एचआर_ताई_जळगाव

काकांचा मान ठेवून सांगते, गेटवर जाऊ नको. निदान मोठ्या कंपनीत तरी नको. सिक्युरिटीवाला आत फोन करतो, आत आम्ही कोणाच्या तरी फुल अँड फायनलमधे (नोकरी सोडणाऱ्याच्या शेवटच्या हिशोबात) अडकलेलो असतो, आणि "तो मुलगा गेटवर आलाय" हे ऐकून आनंद होत नाही, कपाळावर आठी येते. छोट्या युनिटमधे मात्र काका म्हणतात ते चालतं हे पण खरं आहे. चटई, पाइप, दालमिल असल्या वीस-पंचवीस माणसांच्या ठिकाणी मालकच सगळं बघतो, तिथे दोन पोरं समोर जाऊन उभी राहून लागलेली मी बघितली आहेत. तेव्हा कंपनी कोणती यावर आहे.

आता "कळवतो" म्हणून गप्प का बसतात ते सांगते, मी पण बसते, खोटं कशाला बोलू. बऱ्याचदा निर्णय झालेला असतो पण पहिल्या नंबरच्या मुलाला ऑफर दिलेली असते आणि तो जुन्या ठिकाणी नोटीस भरत असतो. तो खरंच जॉइन होईपर्यंत आम्ही दुसऱ्या नंबरवाल्याला ना हो म्हणत ना नाही. कारण पहिले बरेच जण ऐन दिवशी फोन बंद करून बसतात. कधी जागाच होल्डवर जाते, प्लांट हेडची सही येत नाही. आणि कधी सरळ सरळ नाही असतं पण ते सांगायचं काम कोणालाच आवडत नाही. हे चुकीचंच आहे आमचं. पण २० दिवसांच्या शांततेचा अर्थ फक्त "तू नापास" असा लावू नको, तू दुसरा पण असू शकतोस.

मग करायचं काय. फोन बंद, व्हॉट्सॅप बंद. एक मेल. ज्या मेलवरून तुला इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं त्यालाच रिप्लाय कर म्हणजे तू कोण हे शोधायला लागत नाही. इंग्रजीत लिही पण साधं, मजकूर एवढाच की अमुक तारखेला क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी भेटलो होतो, मला या कामात अजून इंटरेस्ट आहे, प्रक्रिया कुठपर्यंत आली ते कळवलं तर पुढचं नियोजन करता येईल, खाली नाव आणि मोबाईल नंबर. संपलं. यावर आठ दिवसात उत्तर नाही आलं तर ती फाइल मनातून बंद कर, परत विचारू नको.

चाकणच्या वेळी ही चूक पहिल्यापासूनच टाळ. निघताना तिथेच विचार, "साधारण कधीपर्यंत कळेल आणि मी कोणाला मेल करू?" हे विचारलं तर कोणी चिडत नाही. त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी आभाराचा पाच-सहा ओळींचा मेल, त्यात इंटरव्ह्यूत झालेल्या एखाद्या गोष्टीचा उल्लेख पाहिजे, नाहीतर तो मेल सगळ्यांना पाठवलेल्या दिवाळी शुभेच्छांसारखा दिसतो. मग त्यांनी दिलेली तारीख उलटून दोन-तीन दिवस गेले की एक आठवण. फोन करायचाच तर सकाळी अकरा-साडेअकराला किंवा दुपारी चारच्या पुढे, सोमवारी सकाळी मुळीच नाही. आणि रात्री दहाला व्हॉट्सॅपवर "सर काही अपडेट" हे तर कधीच नाही, सकाळी गुलाबाच्या फुलावर गुड मॉर्निंग पाठवणारे पण असतात, त्यांना काय बोलायचं.

आवधानचा_गडी

भाऊ तू त्या ळ नं टेन्शन लेऊ नको. मन्हा साहेब नागपूरकडना शे, दिवसभर "करून राहिलो, जाऊन राहिलो" म्हनस, त्याले कोनी काय म्हनत नही. तुले का बरं म्हनतीन?

एचआर_ताई_जळगाव

वरच्या भाऊंशी सहमत. मी स्वतः फैजपूरकडची, घरी शायाच म्हणते अजून. इंटरव्ह्यूत बोलीमुळे मी कोणाला नाकारलेलं मला आठवत नाही. नाकारलं जातं ते पुटपुटण्यामुळे, शब्द चुकेल म्हणून माणूस अर्धं वाक्य गिळतो, समोरच्याला ऐकूच येत नाही आणि त्याला वाटतं याला येतच नाही. तुझं इंग्रजी पाठांतर तिसऱ्या ओळीला अडकलं ते पण त्याचमुळे. पहिली दोन वाक्यं इंग्रजीत नीट बोल, नाव, शिक्षण, आत्ता काय करतो, आणि मग विचार, "सर मराठी किंवा हिंदीत सांगितलं तर चालेल का, जास्त नीट सांगता येईल." शॉप फ्लोअरच्या जागेला नाही म्हणणारा क्वचित भेटेल. आणि ते मायसेल्फ अमुक तमुक नको रे बाबा, आय अॅम म्हण.

केळीबाग_यावल

सगळ्यांचे खूप आभार. ताई मेल टाकला आत्ताच.

पारोळेकर दादा तुम्ही विचारलं म्हणून सांगतो. आमची साडेचार हजार खोडं आहेत. एक्सपोर्टवाल्याला माल दिला दोनदा. त्यांची माणसं येतात, कॅलिपरने केळाची जाडी मोजतात, लांबी बघतात, डाग, घासलेलं, जास्त पिकत आलेलं असं सगळं बाजूला काढतात, मग धुऊन फण्या करून १३ किलोच्या बॉक्समधे भरतात. पहिल्या वेळी आमचा बराच माल बाजूला पडला, तो लोकल व्यापाऱ्याला अर्ध्या भावात गेला. मी त्यांच्याशेजारी दोन दिवस उभा राहून बघितलं कशामुळे काढतात, तर जास्त करून घासल्याचे डाग होते, घड कापून खांद्यावरून आणताना आणि खाली ठेवताना लागलेले. मग दुसऱ्या वेळी मी बांधावर फोम टाकला, एक घड दोघांनी धरायचा असं मजुरांना सांगितलं, आणि बरंच कमी निघालं. पण हे इंटरव्ह्यूत सांगायचं? हे शेतीचं आहे ना.

चाकणचा_पारोळेकर

अरे येड्या!! तू आत्ता मला पॅरेटो आणि रूट कॉज सांगितलं आणि विचारतो शेतीचं आहे ना. रिजेक्शन झालं, तू उभा राहून डिफेक्टचा प्रकार बघितला, सगळ्यात जास्त कोणता ते शोधलं, कुठे तयार होतो ते शोधलं, हँडलिंग बदललं, परत मोजलं. आमच्याकडे यासाठी पोरांना दोन दिवस ट्रेनिंग देतात आणि तरी ते रिपोर्टमधे "ऑपरेटरला सूचना दिल्या" एवढंच लिहितात.

पण एक ऐक. दीड मिनिटात संपव. आकडा असेल तर सांग, किती बॉक्समागे किती निघायचं पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा, वडिलांच्या वहीत असेल तर बघ, नसेल तर अंदाजे म्हण पण ठोकून देऊ नको, तिथे पकडला गेला तर सगळंच गेलं. आणि लगेच वर्कशॉपमधल्या एखाद्या गोष्टीवर ये, नाहीतर त्यांना वाटेल याचा जीव बागेतच अडकलाय.

येताना, ट्रॅव्हल्स नगर रोडने जात असेल तर पुण्यात कशाला जातो, शिक्रापूरला उतर, तिथून चाकणचा सरळ रस्ता आहे. आणि चाकण एमआयडीसी म्हणजे एक जागा नाही, खराबवाडी, महाळुंगे, निघोजे, कुरुळी असं लांबपर्यंत पसरलंय, गेट नेमकं कुठलं ते आदल्या दिवशी मेलवर विचारून घे. माझा एक मित्र तळेगाव चौकात उतरून "कंपनी इथेच कुठेतरी आहे" म्हणत दीड तास फिरला होता.

सीटीसी_ग्रस्त

पगाराचं कोणीच बोललं नाही म्हणून मी सांगतो कारण मी त्यात पोळलोय. सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, २ लाख ४० हजार म्हणजे महिन्याला २० हजार हातात असं धरून चालू नको. साधा हिशोब, समज बेसिक १०,००० आहे. २० हजारातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,२०० गेला, ग्रॅच्युइटी म्हणून ४८१ पकडतात, ईएसआयसीचा (कामगार विम्याचा) कंपनीचा वाटा ३.२५ टक्के. राहिला ग्रॉस (तुझी कपात होण्याआधीचा पगार) साधारण १७,७४०. आता त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ १,२००, ईएसआयसी ०.७५ टक्के म्हणजे १३३, प्रोफेशनल टॅक्स २००, फेब्रुवारीत ३००. हातात १६,२०० च्या आसपास. आणि कॅन्टीन, बसचे कापत असतील तर ते वेगळे. चाकणला चौघात रूम घेतली तरी उरतं किती ते तूच बघ.

म्हणून विचारायचं ते "सर इन हँड किती पडेल" आणि त्याहून आधी "कंपनी रोलवर आहे का कॉन्ट्रॅक्टरच्या". मला हे जॉइन झाल्यावर कळलं, आयकार्डवर भलत्याच एजन्सीचं नाव. आकडा विचारलाच तर स्वतःहून खालचा सांगू नको, "या पोस्टला तुमच्याकडे जो स्ट्रक्चर आहे त्यावर बोलू" असं म्हण, जोर केला तर एक रेंज सांग. आणि "कितीही चालेल सर" असं म्हणू नको, ते ऐकून कोणी जास्त देत नाही.

भुसावळ_जंक्शन

ताईंचा मुद्दा मान्य. जमाना बदलला. पण पोरा कागदपत्रांची फाइल नीट लाव, हे बदललेलं नाही. सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, डिप्लोमा सर्टिफिकेट, आधार, पॅन, फोटो, वर्कशॉपवाल्याचा अनुभवाचा दाखला, दोन-दोन झेरॉक्स. ओरिजिनल दाखवायचे, ठेवून द्यायचे नाहीत, कोणी मागितले तरी. आणि आदल्या रात्री शेवभाजी खाऊन प्रवास करू नको, अनुभवाने सांगतो.

केळीबाग_यावल

अपडेट देतो, काल झाला इंटरव्ह्यू.

शिक्रापूरला पहाटे साडेपाचला उतरलो, चाकणला सुलभमधे आवरलं, साडेनऊला गेटवर. दोन जण होते, एक क्वालिटीचे साहेब, एक एचआर मॅडम. आय अॅम ने सुरुवात केली आणि मग मराठीत बोलू का विचारलं, साहेब म्हणाले बोल की.

खरंच हातात व्हर्निअर दिला आणि एक बुश (गोल पोकळ पार्ट). आणि मी काय केलं असेल? डायरेक्ट बुश पकडला. दादा तुमची माफी मागतो. रीडिंग सांगितलं, साहेब काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले, तेव्हा डोक्यात लाइट पेटला. म्हटलं सर एक मिनिट, झिरो बघायचा राहिला. जबडे बंद केले तर दोन रेघांचा फरक, म्हणजे ०.०४ जास्त दाखवत होता. मग ते वजा करून सांगितलं. साहेब म्हणाले, "आधी का नाही बघितलं?" मी म्हटलं घाई झाली सर. हसले.

केळीचं सांगितलं. वहीत आकडा सापडला होता, पहिल्या वेळी १०० घडांमागे २२ घडांचा माल बाजूला, दुसऱ्या वेळी ९. ते ऐकून साहेब खुश झाल्यासारखे वाटले पण मॅडमनी जे विचारलं ते मला इथे कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणाल्या, "म्हणजे काढणी आली की तुम्ही गावाला जाणार? आमच्याकडे गावाकडची मुलं दिवाळीला जातात आणि पंधरा दिवस येत नाहीत." मी गारच पडलो. जे खरं होतं ते सांगितलं, की बाग यावर्षी चुलतभावाला बटाईनं दिली आहे, वडील देखरेख करतात, आणि सण म्हणाल तर आमच्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी जायची ओढ असते तेव्हा एक-दोन दिवस आधी सांगून सुट्टी मागेन. खोटं नाही सांगितलं की कधीच जाणार नाही म्हणून. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. चांगलं का वाईट कळलं नाही.

बोलताना एकदा केयी निघालंच तोंडातून. कोणी हसलं नाही, साहेब उलट म्हणाले "रावेर का यावल?" त्यांची बायको सावद्याची निघाली!!

निघताना विचारलं कधी कळेल, मॅडम म्हणाल्या पुढच्या शुक्रवारपर्यंत, आणि मेल आयडी दिला. ताई, मेल लिहिलाय, बघता का? सुरुवात अशी केलीय, "आदरणीय मॅडम, आपला अमूल्य वेळ दिल्याबद्दल मी आपला आजन्म ऋणी राहीन..."

एचआर_ताई_जळगाव

आजन्म ऋणी काढ आधी :) नोकरी मागतोयस, किडनी नाही. आदरणीय पण काढ, डिअर मॅडम पुरे. असं कर, काल भेटल्याबद्दल आभार, व्हर्निअरच्या झिरो एररची गोष्ट आता कायम लक्षात राहील हे एका वाक्यात, सुट्टीबद्दल जे बोललास तेच अजून एकदा साध्या शब्दात, की शिफ्ट आणि हजेरीबाबत माझी तयारी आहे, घरची शेतीची सोय लागलेली आहे, आणि शुक्रवारपर्यंत वाट बघतो. त्यांची शंका हजेरीची होती ना, मग मेलमधे त्याचंच उत्तर पाहिजे, बाकी स्तुती नको. आणि साहेबांच्या सासुरवाडीचा उल्लेख चुकूनही करू नको.

चाकणचा_पारोळेकर

झिरो विसरला म्हणून माफी माग, मिळणार नाही. पण स्वतःहून परत बघितला ना, मी असतो तर तिथेच टिक केली असती.

मॅडमचा प्रश्न मी सांगायला पाहिजे होता, चूक माझी. आमच्याकडे दिवाळीनंतरच्या आठवड्यात लाइन अर्धी रिकामी असते, त्यामुळे नाशिकच्या पलीकडचा पत्ता दिसला की हा प्रश्न येतोच, विदर्भ मराठवाडा सगळ्यांना. तुझं उत्तर बरोबर होतं.

केळीबाग_यावल

ताई तुम्ही सांगितला तसाच मेल पाठवला.

एक विचारायचं होतं. आज सकाळी एक फोन आला, म्हणे त्याच चाकणच्या कंपनीच्या एचआरमधून बोलतोय, तुमचं सिलेक्शन झालंय, युनिफॉर्म आणि सेफ्टी शूजचे २,८५० रुपये आज भरा, पहिल्या पगारात परत मिळतील, क्यूआर कोड पाठवला. आई तर देव्हाऱ्यासमोर जाऊन साखर ठेवून आली. भरू का?

एचआर_ताई_जळगाव

थांब. भरू नको. एक रुपया पण नाही.

ज्या मेल आयडीवर तू आभाराचा मेल टाकला तिथे लिही की या नंबरवरून असा फोन आला, हा तुमचाच आहे का. कॉल लेटरवर कंपनीचा लँडलाइन असेल तर त्यावर फोन कर, त्या माणसाने दिलेल्या नंबरवर नाही. खरी कंपनी बूट देते, बुटाचे पैसे क्यूआरवर मागत नाही. आणि कोणी भरले असतील इथे वाचणाऱ्यांपैकी तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, जितका लवकर तितका पैसा अडकवता येण्याची शक्यता जास्त.

तू बायोडेटा कुठल्या कुठल्या साइटवर टाकलायस? तिथून नंबर जातात हे.

केळीबाग_यावल

नाही भरले ताई, वाचलो. मॅडमचा मेल आला अर्ध्या तासात, तो नंबर त्यांचा नाही, आणि त्याच मेलमधे खाली लिहिलंय की मंगळवारी दुपारी ३ वाजता प्लांट हेडसोबत व्हिडिओ कॉलवर दुसरा राउंड आहे. आईला अजून साखर उचलायला सांगितलेली नाही.

पण आता नवीन प्रॉब्लेम. आमच्याकडे दुपारी लाइट जाते आणि गावात नेटचं काही खरं नाही. कुठे बसू?

आवधानचा_गडी

केळीना बागमा बसी जाय, तठे रेंज ऱ्हास का?

चाकणचा_पारोळेकर

त्याचं ऐकू नको. सोमवारीच जळगावला जा, एखाद्या मित्राच्या रूमवर बस, मोबाईल फुल चार्ज, दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला अजून एक फोन हॉटस्पॉटला तयार ठेव. मागे भिंत पाहिजे, वाळत घातलेले कपडे नको. आणि प्लांट हेड टेक्निकल कमी आणि "पाच वर्षांनी कुठे" असलं जास्त विचारतात, त्यावर रविवारी रात्री फोन कर, बोलू. नंबर मेसेजमधे टाकतो.